टी-शर्टवरचा बिबट्या, जंगलातला बिबट्या: कपडे घेऊन प्राणी वाचतात का?

मॉलमधल्या दुकानात फिरताना किंवा रात्री मोबाईलवर कपडे चाळताना हल्ली एक टॅग हमखास दिसतो. टी-शर्टच्या छातीवर बिबट्या, फ्लेमिंगो किंवा कासव आणि खाली बारीक हिरव्या अक्षरांत ओळ: ‘या खरेदीतला काही भाग वन्यजीव संवर्धनासाठी’. शेजारच्या साध्या टी-शर्टपेक्षा त्याची किंमत तीन-चारशे रुपयांनी जास्त. घ्यावा का? ते जास्तीचे पैसे खरंच कुठल्या जंगलापर्यंत जातात का?

यावर लोकांची दोन टोकाची मतं असतात. काहींना वाटतं, घेतला की आपलं कर्तव्य झालं. काहींच्या मते हा सगळा धंदा आहे, निव्वळ फसवणूक. पण जगात काही ठिकाणी विणलेल्या कापडाने, लोकरीने खरोखर प्राणी वाचवले आहेत आणि तशी नोंद आहे. त्याच वेळी बाजारातल्या बऱ्याच मालात प्राणी फक्त शाईपुरता असतो. या दोन्हींतला फरक दुकानात उभं राहून ओळखता येतो. त्यासाठी कपडा बनतो कसा आणि पैसा फिरतो कसा, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

शाश्वत फॅशन म्हणजे काय?

माती, पाणी, जंगल आणि राबणारी माणसं यांना न ओरबाडता बनवलेला आणि भरपूर दिवस वापरला जाणारा कपडा म्हणजे शाश्वत फॅशन. यातला दुसरा भाग, म्हणजे भरपूर दिवस वापरणं, जाहिरातींत फारसा येत नाही, कारण तो दुकानदाराच्या सोयीचा नाही. साधारण २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एकेक कपडा अंगावर घालण्याच्या वेळा कमी झाल्या. जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवा कपडा बनण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे दर वर्षी नवा कापूस, नवा लाकडाचा लगदा, नवं खनिज तेल लागतंच. वन्यजीवांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपल्या कपाटाचा वाघाशी काय संबंध?

कापसापासून सुरुवात करू, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत आणि भोवती कापसाची शेतं. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर वाघ टिपेश्वरहून निघाला आणि १,३०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एवढी वाट सलग जंगलातून जाणारी नव्हतीच. ती शेतांतून, नाल्यांच्या कडेने, गावांना वळसे घालत गेली. विदर्भातल्या वाघासाठी कापसाचं शेत हा वाटेतला मुक्काम आहे. आणि त्याच शेतात बायका-माणसं वेचणीसाठी वाकलेली असतात. पांढरकवड्याच्या टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचं प्रकरण, २०१८ च्या नोव्हेंबरात तिचं मारलं जाणं आणि त्याआधी गेलेले गावकऱ्यांचे जीव, हे सगळं याच पट्ट्यात घडलं.

एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज सगळीकडे फिरतो. पण विदर्भातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, पावसाच्या भरवशावरचा. तिथला मोठा प्रश्न फवारणीचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे विष फवारणाऱ्या माणसाला मारतं, ते किड्यांना, किडे खाणाऱ्या पक्ष्यांना आणि ओढ्यातल्या माशांनाही सोडत नाही.

म्हणून सेंद्रिय कापूस. पण तो पिकवणं शेतकऱ्याला स्वस्त नाही. सेंद्रिय म्हणून मान्यता मिळेपर्यंत साधारण तीन वर्षं जातात. या काळात उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. त्यात बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही आणि बिगर-बीटी चांगलं बियाणं सहजासहजी मिळत नाही. ही मधली तीन वर्षं शेतकऱ्याला कोणी तरी सांभाळून न्यावं लागतं. तुम्ही टी-शर्टला जास्त मोजलेले पैसे कामी यायला हवेत ते इथे. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या वन्यजीव संवर्धन संस्थेने मध्य प्रदेशात सातपुडा आणि पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांमधल्या भ्रमणमार्गातल्या शेतकऱ्यांसोबत सेंद्रिय कापसाचं काम केलं, त्यामागचा विचार हाच: दोन जंगलांमधलं शेत विषमुक्त राहिलं आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, तर वाघाची ये-जा चालू राहते.

आता रेयॉन. दादरला किंवा लोकल ट्रेनमध्ये मिळणाऱ्या मऊ, सुळसुळीत कुर्त्यांतल्या निम्म्या तरी रेयॉनच्या वाटतात. तिलाच व्हिस्कोज म्हणतात. हे कापड लाकडाच्या लगद्यापासून बनतं. लगदा लागवडीच्या झाडांचा असेल तर ठीक. पण इंडोनेशियात सुमात्रा बेटावर अशा लगद्याच्या लागवडीसाठी वर्षावनं तोडली गेली, जिथे सुमात्रन वाघ आणि ओरांगउटान राहतात. तेव्हा वाघाचं चित्र छापलेला टी-शर्ट व्हिस्कोजमिश्रित असेल, तर लगदा कुठला, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

पॉलिएस्टरचं थोडक्यात सांगते. ते प्लास्टिकच आहे. धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जातात. समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपात येणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून येतं, असा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेचा २०१७ चा अंदाज आहे. जुन्या बाटल्यांपासून बनवलेल्या पॉलिएस्टरचेही तंतू सुटतातच. ‘कासव वाचवा’ असं लिहिलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट मला म्हणूनच खटकतो.

आणि रंग. उल्हासनगरच्या जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे वालधुनी नदीचं काय झालं, ते कल्याणकरांना सांगायला नको. वालधुनी उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचं पाणी खाडीला.

एकाच्या लोकरीसाठी मरण, दुसऱ्याच्या लोकरीने जीवदान

हा सगळा विषय ज्यांना एका उदाहरणातून समजून घ्यायचा आहे, त्यांनी चिरू आणि व्हिक्युन्या या दोन प्राण्यांकडे पाहावं.

चिरू म्हणजे तिबेटच्या पठारावरचं हरणासारखं जनावर. त्याच्या अंगावरच्या अतितलम लोकरीपासून शहातूशची शाल बनते. चिरूला पकडून कातरता येत नाही, त्यामुळे त्याला मारावंच लागतं. एका शालीला तीन ते पाच चिरू. व्यापारी वर्षानुवर्षं सांगत राहिले की झुडपांना अडकलेली लोकर गोळा करून शाली विणतात. जॉर्ज शॅलर या जीवशास्त्रज्ञाने तिबेटमध्ये केलेल्या अभ्यासातून या गोष्टीतला खोटेपणा उघड झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास असावेत असे मानले जाणारे चिरू १९९० च्या दशकात पाऊण लाखाच्या घरात आले. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि जगभर साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार शहातूशच्या व्यापाराला बंदी आहे. तुमच्या घरात आजीची शहातूश असली तरी तिची विक्री गुन्हा ठरते. चीनमधली कडक राखण आणि बंदी यांमुळे चिरू सावरले आणि २०१६ मध्ये आययूसीएनने त्यांना ‘धोक्यात’ या वर्गातून काढून ‘धोक्याच्या जवळ’ या वर्गात ठेवलं.

व्हिक्युन्या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा, उंटाच्या कुळातला प्राणी. त्याची लोकरही अशीच तलम आणि महाग. शिकारीमुळे १९६० च्या दशकात ते दहा हजारांच्या आसपास उरले होते. मग पेरू आणि शेजारच्या देशांनी शिकार बंद केली आणि पुढे गावांना जिवंत व्हिक्युन्याची लोकर कातरून विकण्याचा हक्क दिला. इंका काळापासूनची ‘चाक्कू’ नावाची पद्धत आहे. सगळं गाव हाताची साखळी करून रानातला कळप एका आवारात आणतं, लोकर कातरतं आणि कळप पुन्हा मोकळा सोडतं. व्हिक्युन्या जिवंत राहिला तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लोकर मिळणार. शिकारी आला तर गावाचंच नुकसान. आज व्हिक्युन्या काही लाखांच्या संख्येत आहेत.

दोन्हीकडे श्रीमंतांची हौस तीच. फरक हा की एका ठिकाणी जनावर मेल्यावर पैसा मिळत होता आणि दुसऱ्या ठिकाणी जिवंत राहिल्यावर. मात्र व्हिक्युन्याची गोष्टही निर्दोष नाही. युरोपात त्या लोकरीचा कोट लाखो रुपयांना जातो आणि कातरणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती त्यातला फार छोटा हिस्सा पडतो, ही टीका रास्त आहे. हा हिस्सा आणखी आटला, तर गाव राखण का करेल?

पैसा कोणाच्या हातात पडतो?

भातसा धरणातून निघालेलं पाणी मुंबईत किती आलं हे धरणाच्या आकड्यावरून कळत नाही. वाटेत किती गळलं आणि चाळीच्या शेवटच्या नळाला किती धार आली, यावर ते ठरतं. तुमच्या टी-शर्टच्या पैशाचंही तसंच आहे, फक्त दिशा उलटी: मुंबईकडून जंगलाकडे.

समजा, टी-शर्ट १,५०० रुपयांचा आहे आणि टॅगवर ‘नफ्याचा एक टक्का’ असं लिहिलंय. सगळा खर्च जाऊन कंपनीला १५० रुपये उरत असतील, तर एक टक्का म्हणजे दीड रुपया. तेच ‘किंमतीच्या पाच टक्के’ असं लिहिलं असेल तर ७५ रुपये. दोन्ही टॅग दिसायला सारखेच उदात्त. ‘काही भाग’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो भाग शून्याच्या जरा वर असला तरी वाक्य खरंच राहतं.

पैसा शेवटच्या नळापर्यंत नेणारं, मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. आसामच्या कामरूप जिल्ह्यात हरगिला नावाचा मोठा करकोचा राहतो. टक्कल पडलेलं डोकं, लोंबणारी पिशवी, मेलेली जनावरं खाण्याची सवय. गावकरी त्याला अपशकुनी आणि घाणेरडा मानायचे आणि त्याची घरटी असलेली परसातली झाडं तोडायचे. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी बायकांना जोडून घेतलं. घरटी भरू लागली की त्या बायका हरगिलाचं चक्क डोहाळजेवण करतात. बर्मन यांनी बायकांना माग आणि सूत मिळवून दिलं आणि त्या गमछांवर, साड्यांवर, मेखेला चादर या आसामी वस्त्रावर हरगिला विणून विकू लागल्या. ‘हरगिला आर्मी’त आज दहा हजारांहून अधिक बायका आहेत. दादरा आणि आसपासच्या गावांत २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने बर्मन यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला.

या कामात कापडाने नेमकं काय केलं? ज्या बाईच्या परसात झाड आहे, तिच्याच हातात मागाचे पैसे आले. पक्ष्याची घाण सोसणारी व्यक्ती आणि पक्ष्यामुळे कमावणारी व्यक्ती एकच झाली. शिवाय जो पक्षी अंगणात नकोसा होता, तो लग्नात नेसायच्या साडीवर आला. त्याने त्याची प्रतिष्ठा बदलली, आणि ही गोष्ट नुसत्या देणगीने होत नाही.

मंगोलियातल्या हिमबिबट्यांसाठी १९९८ पासून चाललेल्या उपक्रमात याला आणखी एक गाठ मारली आहे. मेंढपाळ बायका लोकरीच्या वस्तू बनवतात, त्यांना चांगला भाव मिळतो आणि वर्षभर त्या भागात हिमबिबट्याची शिकार झाली नाही तर सगळ्यांना बोनस. एकाने जरी शिकार केली तरी सगळ्यांचा बोनस जातो. त्यामुळे राखण करायला बाहेरून पहारेकरी आणावे लागत नाहीत.

मग नुसतं चित्र छापणं वायाच का?

अगदी तसं नाही. २०१८ मध्ये लाकोस्त या फ्रेंच कंपनीने आपल्या टी-शर्टवरची प्रसिद्ध मगर काढून तिथे संकटग्रस्त प्राणी लावले. दहा प्रजाती, आणि जेवढे प्राणी जगात उरले असल्याचा अंदाज तेवढेच टी-शर्ट. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या व्हाकिटा या छोट्या डॉल्फिनसारख्या प्राण्याचे ३०, जावाच्या गेंड्याचे ६७, सुमात्रन वाघाचे ३५०. सगळे मिळून १,७७५. आययूसीएनसोबतचा हा उपक्रम जगभर बातमी झाला. ‘फक्त तीसच उरले?’ हा धक्का अहवालाची शंभर पानं वाचून बसला नसता.

पण १,७७५ टी-शर्टच्या विक्रीतून प्रजाती वाचत नाही. व्हाकिटा मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरते. टी-शर्टने लोकांना तिचं नाव कळलं, जाळं मात्र समुद्रातच राहिलं. जनजागृती म्हणून अशा चित्राला मी पूर्ण गुण देईन, संवर्धन म्हणून नाही.

‘टॅगवर छापलंय, म्हणजे सरकारने तपासलं असेलच ना?’

छापण्याआधी कोणी तपासत नाही. मात्र नियम आता आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएससीआय या मुंबईतल्या संस्थेनेही फेब्रुवारी २०२४ पासून असेच नियम लागू केले आहेत.

सेंद्रिय कापसासाठी जीओटीएस हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पाहावं. त्यासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसलेलं पान-फुलाचं हिरवं चिन्ह कोणीही छापू शकतं. हे प्रमाणपत्र कापूस आणि कारखान्याबद्दल सांगतं; वाघाला पैसे गेले की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. दोन वेगळे दावे आहेत, त्यांची गल्लत करू नये.

आणखी एक खाचखळगा. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावेच लागतात. वन्यजीव संरक्षण त्या यादीत बसतं. म्हणजे कंपनी जे पैसे कायद्याने देणारच होती, तेच तुमच्या टी-शर्टच्या नावावर दाखवले जाऊ शकतात. ‘ही रक्कम सीएसआरच्या बाहेरची आहे का?’ असा ईमेल कंपनीला जरूर पाठवावा. प्रामाणिक कंपनी संस्थेचं नाव, रक्कम आणि वर्ष सांगते.

मुंबईत हे कसं दिसेल?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, इमारतींनी वेढलेलं, आणि त्याच्या परिसरात पन्नासच्या आसपास बिबटे. बिबट्याच्या सगळ्यात जवळ राहतात ते उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी. अंधारात बाहेर पडण्याची भीती त्यांच्या वाट्याला. वारली समाज वाघोबाला देव मानतो, पिढ्यान् पिढ्या त्याच्यासोबत राहायची रीत सांभाळतो. आणि बाजारात वारली चित्रांचे कुर्ते आणि बिबट्याचे टी-शर्ट जोरात खपतात. त्यातला किती पैसा त्या पाड्यावर येतो? कामरूपच्या मापाने मोजायचं, तर पाड्यावरच्या चित्रकाराला त्याच्या रेषेचे पैसे मिळायला हवेत आणि पाड्यावर दिवे, संडास, कचरा उचलणं यांसाठी निधी यायला हवा. उघडा कचरा आला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

फ्लेमिंगोंचं गणित निराळं. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली. या पक्ष्यांना चिखलातलं अन्न आणि ओहोटीला उघडी पडणारी दलदल लागते. तिथे टी-शर्टच्या निधीपेक्षा रंगाचं सांडपाणी थांबवणं आणि पाणथळीवर भराव न पडू देणं जास्त मोलाचं. गुलाबी फ्लेमिंगो ज्या कापडावर छापला, त्याचा गुलाबी रंग कुठल्या नाल्यात गेला, हे मुंबईकराने तरी विचारावं.

‘मग थेट देणगीच का देऊ नये?’

द्यावी. तुमच्याकडे तीनशे रुपये जास्तीचे असतील आणि टी-शर्टची गरज नसेल, तर ते तीनशे थेट एखाद्या भरवशाच्या संस्थेला देणं केव्हाही चांगलं. मुंबईत १८८३ पासून काम करणारी बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे, राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान आहे. पण कपडा घ्यायचाच आहे, तेव्हा तो कोणाकडून घ्यायचा, हा निर्णय तसाही करावा लागतोच. विणणाऱ्या बाईला देणगीपेक्षा दर महिन्याची ऑर्डर हवी असते. देणगी एकदा येते, गिऱ्हाईक टिकतं.

‘एवढं महागाचं कोण घेणार?’

हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. सेंद्रिय कापसाचा शर्ट दोन हजाराला असेल तर विरारहून रोज लोकलने येणारा माणूस तो घेणार नाही आणि त्यासाठी त्याला बोल लावणं अन्याय आहे. त्याच्यासाठी मार्ग वेगळा आहे आणि तो आपल्याकडे जुनाच आहे. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणी या शहरात पिढ्यान् पिढ्या फिरल्या. त्या कपड्यांना डागडुजी करून ते पुन्हा बाजारात जात. नऊवारीच्या जुन्या पातळांची गोधडी होई. एक टी-शर्ट दोनऐवजी चार वर्षं वापरला, तर तेवढ्या काळात दुसऱ्या टी-शर्टचा कापूस, फवारणी आणि रंग लागलाच नाही. यासाठी कुठलाही टॅग लागत नाही.

ज्यांना परवडतं, त्यांनी मात्र दुकानदाराला विचारायची सवय लावावी: कापड कशाचं, किती रुपये, कोणत्या संस्थेला, कोणत्या गावात. उत्तर मिळालं नाही आणि दावा खोटा वाटला, तर टॅगचा फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जाहिरातीबद्दल असेल तर एएससीआयकडे ऑनलाइन तक्रार करता येते.